सन्हेरीबच्या पाण्यामागे: एर्बिल ते निनवे

उत्तर इराकमधल्या प्राचीन असिरियाचा राजा सन्हेरीब म्हटलं की लढायाच आठवतात. यहूदा राज्यातल्या लाखीशचा वेढा, जेरुसलेमात कोंडलेला तिथला राजा हिज्कीया, जमीनदोस्त केलेलं बाबिलोन. त्याची कारकीर्द (इ.स.पू. ७०५ ते ६८१) संग्रहालयांतून पाहिली तर एवढंच हाती लागतं, कारण उचलून नेण्याजोगं जे होतं ते लंडन, शिकागो आणि इस्तंबूलला गेलं. उचलता न येणारं मागे राहिलं, ते उत्तर इराकच्या डोंगरपायथ्याशी, आणि त्यातलं बहुतेक पाण्याशी निगडित आहे: कालवे, कालव्यांची मुखं, जलसेतू, कड्यांवर कोरलेले देव. सगळ्या कालव्यांची लांबी मिळून दीडशे किलोमीटरच्या वर जाते.

म्हणून प्रवासही पाण्यासारखा, वरून खाली आखावा. बहुतेक सहली उलट्या निघतात. मोसुलपासून सुरुवात करून निनवेचे, म्हणजे सन्हेरीबच्या राजधानीचे, ढिगारे आधी दाखवतात आणि डोंगराकडचं काही राहिलंच तर शेवटच्या दुपारी उरकतात. निनवेत आज जमिनीवर फार थोडं उभं आहे. ते शहर कशावर जगत होतं हे आधी पाहिलेलं नसेल तर तटबंदीच्या मातीच्या उंचवट्यांत काहीच दिसत नाही.

निघण्यापूर्वी

मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, हेच दिवस योग्य. उन्हाळ्यात मोसुलचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कड्यांवर सावली नसते. मार्च-एप्रिलमध्ये टेकड्या हिरव्या असतात, पण पाऊस पडून गेला की इथली चिकण माती बुटाला आणि टायरला सारखीच धरते. जरवानकडच्या (चौथा दिवस) कच्च्या वाटेवर अशा दिवशी साधी मोटार घालू नये. २१ मार्चच्या नवरोजच्या आसपास अर्धं कुर्दिस्तान (एर्बिल-दुहोककडचा स्वायत्त प्रदेश) रानात जेवायला बाहेर पडलेलं असतं. मौज आहे, पण खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते तुंबतात.

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: फक्त कुर्दिस्तान प्रदेशापुरता दिलेला व्हिसा मोसुलला चालत नाही. मोसुल बगदाद सरकारच्या अखत्यारीत येतं. दोन्ही बाजू पाहायच्या तर संपूर्ण इराकचा व्हिसा हवा. नियम वारंवार बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी ताजी चौकशी करावी. पैसे रोख न्यावेत. डॉलरच्या नोटा नव्या आणि न दुमडलेल्या असाव्यात, त्यांचे दिनार शहरातच करून घ्यावेत. गावाकडे कार्ड चालेल या भरवशावर राहू नये. ड्रोन अजिबात नेऊ नये, आणि तपासणी नाक्यांवर कॅमेरा पिशवीत ठेवावा.

सामानात माणशी तीन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, आणि एक जोरदार हातबत्ती. हातबत्ती अंधारासाठी नाही. झिजलेल्या शिल्पावर बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर प्रकाश टाकला की भर दुपारी न दिसणाऱ्या रेषा संध्याकाळी उठून दिसतात.

मुंबईकरांना आणखी एक सोय आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरूदहून आलेले असिरियन शिल्पपट आहेत. ते सन्हेरीबच्या आधीच्या राजांचे, पण दाढीची वळणं, झालरीची वस्त्रं आणि उचललेला हात ओळखायला डोळा तयार होतो. कड्यावर झिजून नुसती बाह्यरेषा उरलेली असते, तेव्हा ही ओळख कामी येते.

पहिला दिवस: एर्बिल आणि बस्तोरा

एर्बिलचा किल्ला म्हणजे वस्तीवर वस्ती साचून झालेली सुमारे तीस मीटर उंचीची टेकडी. २०१४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. असिरियन काळात हे अर्बेला, इश्तार देवीचं ठाणं. त्या देवळाचं काही दिसत नाही, ते टेकडीच्या पोटात आहे. किल्ल्यावर तास-दीड तास पुरतो. खाली बाजारात इस्तिकानमधला, म्हणजे छोट्या काचेच्या पेल्यातला, काळा चहा घेऊन पुढे निघावं.

इथे सुरुवात करण्याचं कारण किल्ला नाही, बस्तोरा आहे. शहराच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर, बस्तोरा ओढ्याच्या काठी, १९४०च्या दशकात इराकी पुरातत्त्वज्ञ फुआद सफर यांनी सन्हेरीबचा एक शिलालेख नोंदवला. मजकूर छोटा आणि कामापुरता आहे: खानी डोंगरातल्या तीन नद्या मी खोदल्या, उजव्या-डाव्या बाजूंचे झरे त्यांत मिळवले, आणि कालवा काढून पाणी इश्तारच्या अर्बेला नगरीत नेलं. कालव्याच्या मुखाशी दगडी बांधकाम होतं, पुढे पाणी जमिनीखालून जात होतं.

पाहायला इथे फार नाही. ज्याला दिवस वाचवायचा आहे त्याने हा टप्पा गाळला तरी चालेल. पण या राजाची पद्धत इथे सुटी-सुटी दिसते. एका मोठ्या नदीवर तो विसंबत नाही. छोटे प्रवाह आणि झरे गोळा करतो, सगळं एका पाटात आणतो, आणि शिलालेख मुखाशी लावतो, टोकाला नाही. पुढे खिनिसला (तिसरा दिवस) हाच मामला मोठ्या मापात आहे.

दुसरा दिवस: फैदा आणि मल्ताई

एर्बिलहून दुहोककडे दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. सकाळी लवकर निघालं की दुपारच्या आत फैदा होतं. दुहोकच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याला धरून चुनखडीत खोदलेला हा कालवा साडेसहा किलोमीटरहून थोडा लांब आहे. सरासरी रुंदी चार मीटर. झऱ्यांचं पाणी घेऊन तो आजूबाजूची शेतं भिजवत होता.

कालव्याच्या काठच्या खडकात शिल्पपट आहेत. १९७०च्या दशकात त्यांतले तीन लक्षात आले होते, पण कालवा गाळाने भरून गेल्यामुळे देवांच्या मुकुटांची टोकंच वर डोकावत होती. २०१९ मध्ये इटलीतल्या उदिने विद्यापीठाच्या आणि दुहोकच्या पुरातत्त्व खात्याच्या पथकांनी गाळ काढला आणि दहा पट उघडे केले, पुढे आणखी सापडले. गाळानेच ते राखले. उघड्यावर राहिलेल्या मल्ताईशी तुलना केली की हे कळतं.

प्रत्येक पटात एकच मिरवणूक आहे. दोन्ही टोकांना राजा, मध्ये सात देवता आपापल्या वाहनांवर: मुख्य देव अश्शूर ड्रॅगन आणि शिंगी सिंहावर, त्याची पत्नी मुल्लिस्सू सिंहाने तोललेल्या सिंहासनावर, चंद्रदेव सिन शिंगी सिंहावर, लेखनाचा देव नबू ड्रॅगनवर, सूर्यदेव शमाश घोड्यावर, पर्जन्यदेव अदद सिंह आणि बैलावर, आणि शेवटी इश्तार सिंहावर. चेहरा झिजला असेल तर वाहन पाहावं. घोडा दिसला की शमाश, यात चूक होत नाही. सगळ्या देवतांची तोंडं डावीकडे, म्हणजे पाणी जिकडे वाहायचं तिकडे आहेत.

आता खरी गोम. फैदा पूर्वी सन्हेरीबच्या नावावर होतं. उत्खनन करणाऱ्यांचा कल आता त्याचा बाप दुसरा सार्गोन याच्याकडे आहे. ते खरं असेल तर कालवे, देव आणि राजा हे तिन्ही एका खडकात बसवण्याची कल्पना मुलाची नव्हे, बापाची. गंमत अशी, की सार्गोन इ.स.पू. ७०५ मध्ये आशिया मायनरमधल्या तबाल प्रांतात लढताना पडला, प्रेतही हाती लागलं नाही, आणि हा अपशकुन इतका मोठा मानला गेला की सन्हेरीबने बापाची नवीकोरी राजधानी दूर-शर्रुकिन सोडून निनवे गाठलं. आपल्या शिलालेखांत तो बापाचं नाव जवळजवळ कुठेच घेत नाही. शिलालेखांतून बाप गाळला, पण बापाची ही रीत नाही टाकली, असंच म्हणावं लागेल.

दुपार टळल्यावर मल्ताई. दुहोकच्या लगतच्या कड्यावर, दरीच्या बऱ्याच वर, याच मिरवणुकीचे चार पट आहेत. वाट चढी आणि घसरडी. अर्धा-पाऊण तास धरावा, आणि उतरताना उजेड राहील असा बेत करावा. पट पूर्वीच झिजले होते, वर माणसांनी त्यांना जखमा केल्या आहेत, एकात तर नंतरच्या काळात दारच पाडलं आहे. ऊन तिरकं नसेल तर निराशा होईल. मुक्काम दुहोकला.

बंदवाईजवळचा शिरू मलिक्थाचा खडकातला पट याच उत्तरेकडच्या कालव्यांपैकी एकाचा. तो आता इतका पुसला गेला आहे की केवळ यादी पूर्ण करायची असेल तरच वाट वाकडी करावी.

तिसरा दिवस: खिनिस

संपूर्ण प्रवासातला एकच दिवस निवडायचा झाला तर हा. दुहोकहून ऐन सिफ्नीला (शेखान) यावं, तिथून ईशान्येला गोमेल नदीच्या खोऱ्यात. नदी डोंगरातून जिथे बाहेर पडते, तिथे तिच्या काठच्या कड्यावर सन्हेरीबचं सगळ्यात मोठं काम आहे. जुन्या पुस्तकांत ही जागा बाविआन या शेजारच्या गावाच्या नावाने येते. नकाशावर दोन्ही नावं शोधावीत.

सकाळी आठच्या आत पोचावं. मोठा पट सुमारे नऊ मीटर उंच आहे: मध्ये अश्शूर आणि मुल्लिस्सू समोरासमोर, आपापल्या वाहनांवर, आणि दोघांच्या मागे राजा, म्हणजे एकाच चित्रात दोनदा. पटातच चौकोनी भोकं आणि खोल्या दिसतात. ती नंतरच्या काळातल्या एकांतवासी ख्रिस्ती साधूंनी कोरून काढलेली राहण्याची जागा. देवांच्या अंगातून खिडक्या पाडल्या आहेत. चिडण्याचं कारण नाही, त्यांच्या लेखी ती एक सोयीची भिंत होती.

कड्यावर अकरा कोनाडे आहेत, प्रत्येकात राजाची एकेक मूर्ती: उजवा हात उचललेला, डोक्यावर देवतांची चिन्हं. त्यांतल्या तीन कोनाड्यांवर एकच लांब लेख कोरला आहे. दगड झिजल्यामुळे कुठलीही एक प्रत पूर्ण वाचता येत नाही. तिन्ही शेजारी-शेजारी ठेवून मजकूर जुळवावा लागला. बरेच कोनाडे उंचावर आहेत, दुर्बीण असेल तर तिचा उपयोग इथे होतो. कड्याला लटकून जवळ जाण्याचा मोह टाळावा, चुनखडी ठिसूळ आहे.

लेखात तीन गोष्टी आहेत, आणि त्या एकाच दगडावर असणं हेच महत्त्वाचं. पहिली पाण्याची. निनवेची शेतं पावसाकडे डोळे लावून बसलेली होती, म्हणून मी अठरा कालवे खोदून त्यांचं पाणी निनवेतून वाहणाऱ्या खोस्र नदीकडे वळवलं. इथला कालवा एक वर्ष तीन महिन्यांत पुरा केला. दुसरी, इ.स.पू. ६९१ची हलूलेची लढाई, एलाम (बाबिलोनच्या पूर्वेचं राज्य) आणि बाबिलोनच्या एकत्र फौजांशी. तिसरी बाबिलोनची, इ.स.पू. ६८९. घरं, देवळं, तट पाडून झाल्यावर शहराच्या मधून पाट खोदले, पाणी सोडलं आणि जागा अशी विरघळवली, की पुढे कुणाला नगर कुठे होतं हेही कळू नये.

पहिला आणि तिसरा भाग लागोपाठ वाचावेत. एकाच माणसाला शहरापर्यंत पाणी आणता येत होतं आणि त्याच्याचकडून शहर पुसूनही टाकता येत होतं. बाबिलोनबद्दलचा राग काही प्रमाणात घरचा होता. थोरला मुलगा अश्शूर-नादिन-शूमी याला त्याने तिथे राजा म्हणून बसवलं होतं, आणि इ.स.पू. ६९४ मध्ये बाबिलोनच्या लोकांनी त्याला धरून एलामच्या हवाली केलं. पण पाणी हेच हत्यार का निवडलं याचं उत्तर या दरीत उभं राहिल्यावर सापडतं. त्या सुमारास त्याच्याकडे पाट खोदणारी, उतार जोखणारी माणसं तयार होती.

लेखातला सगळ्यात माणसाळलेला प्रसंग कालव्याच्या दाराचा आहे. पाणी सोडण्याच्या समारंभासाठी राजाने मंत्र म्हणणारा आणि विलाप गाणारा असे दोन पुरोहित, त्यांच्यासोबत रत्नं, सुगंधी तेलं आणि जलदेवतांसाठी भेटी पाठवल्या. पण दार आपोआप उघडलं, फावडं-कुदळ न लावता, आणि पाणी धो-धो वाहू लागलं. आज कुठल्याही पाटबंधारे खात्यात याला दार फुटलं म्हणतील आणि चौकशी लागेल. सन्हेरीबने त्याला देवांची मर्जी ठरवलं, बैल-मेंढ्यांचा बळी दिला, आणि काम करणाऱ्यांना रंगीत वस्त्रं, सोन्याची वळी आणि सोन्याच्या कट्यारी वाटल्या. शिक्षा कुणालाच झाली नाही. शिक्षा देण्यात हा राजा मागे नव्हता, हे लक्षात घेता ही नोंद दुर्मीळ आहे.

कालव्याचं मुख कड्याच्या दक्षिण टोकाला. तिथे नदीच्या पात्रात प्रचंड कोरीव दगड पडला आहे: पंखांचे बैल, वर राजा आणि देव. तो कालव्याच्या मुखाशी उभा होता, पायाखालची जमीन खचून पाण्यात कलंडला. एप्रिलमध्ये नदीला पाणी जास्त असतं तेव्हा त्याचा बराच भाग बुडालेला असतो, ऑक्टोबरात मोकळा दिसतो. शिल्पांसाठी वसंत आणि या दगडासाठी शरद, असा हा पेच आहे. पात्रात उतरताना शेवाळी दगडांवर पाय टाकू नये, प्रवाह दिसतो त्याहून जोरकस असतो.

जवळच २०२१ मध्ये खडकात कोरलेल्या चौदा कुंड्या उजेडात आल्या. वर द्राक्षं तुडवायची, रस खालच्या कुंडीत उतरवायचा. त्याही याच काळातल्या. म्हणजे पाणी निनवेला जाई आणि वाटेवर दारूचा कारखानाही चाले.

चौथा दिवस: जरवान

ऐन सिफ्नीच्या आग्नेयेला जरवान हे यझिदी या इथल्या अल्पसंख्य धर्मीयांचं छोटं गाव. इथे खिनिसच्या कालव्याला एक ओढा आडवा येतो.

पाट काढताना अडचण अशी असते. उतार जास्त दिला तर पाणी काठ खातं आणि पाट पुढे जायच्या आत उंची संपते. कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून पाट डोंगराच्या कडेने, एकाच पातळीच्या जवळपास वळणं घेत न्यावा लागतो. ओढा आडवा आला की दोनच पर्याय: ओढ्याच्या उगमाकडे वळसा घालून पलीकडे यायचं, किंवा ओलांडायचं. वळशात लांबी आणि उंची दोन्ही जातात. सन्हेरीबच्या माणसांनी ओलांडायचं ठरवलं.

जलसेतू २८० मीटर लांब, २२ मीटर रुंद, सर्वांत उंच भागात सुमारे ९ मीटर. ओढ्यासाठी खाली पाच वाटा ठेवल्या. कमान म्हणजे इथे खरी कमान नाही. दोन्ही बाजूंचे थर पुढे-पुढे सरकवत वर टोकाला मिळवलेले आहेत. दोन वाटांमधल्या खांबांना वरच्या अंगाला टोकदार नाक दिलं आहे, पुराचं पाणी आणि ओंडके त्यावर फुटावेत म्हणून. माथ्यावर पाणी वाहायच्या फरसबंदीखाली काँक्रीटसारख्या मिश्रणाचा थर, पाझर अडवायला. रोममधला पहिला जलमार्ग इ.स.पू. ३१२चा. हे काम त्याच्या जवळपास पावणेचारशे वर्षं आधीचं.

वीस लाख चिरे हा आकडा इथल्या प्रत्येक लेखात सापडतो. साधा हिशेब करून पाहावा. २८० गुणिले २२ गुणिले ९, म्हणजे भरीव धरलं तरी साडेपंचावन्न हजार घनमीटर. चिरा अर्ध्या मीटरचा घन धरला तर एका घनमीटरात आठ. एकूण साडेचार लाखांच्या आतच बसतात, आणि उंची दोन्ही टोकांना कमी होत जाते, पाच वाटा पोकळ आहेत, ते वेगळंच. काम कमी भरत नाही त्यामुळे, पण आकडा सांगताना सांभाळावा.

१९३३ मध्ये शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे थॉर्किल्ड जेकबसन आणि सेटन लॉईड यांनी हे उकरलं. तोवर लोक त्याला जुना रस्ता किंवा बांध समजत. आज समोर पाहिलं तर मधला भाग वाहून गेलेला, दोन्ही बाजूंना घडीव चिऱ्यांच्या भिंती, आणि चिऱ्यांवर कीलाक्षरं, म्हणजे खिळ्यांच्या आकाराची लिपी. लेख एकच, पण वेगवेगळ्या जागी पुन्हा-पुन्हा कोरलेला: दूरवरून पाट काढून हानुसा, म्हणजे खिनिस, आणि डोंगरातल्या इतर ठिकाणांचं पाणी एकत्र केलं, खोल ओढ्यांवर पांढऱ्या दगडाचा सेतू बांधला, त्यावरून पाणी नेलं. अक्षरांवर खडू किंवा पाणी ओतून फोटो काढण्याची खोड कुणाला असेल तर ती इथे नको. बाजूने बत्ती धरली की पुरतं.

दोन तास भरपूर. कुंपणाबाहेरच्या रानात मेंढपाळांचे कुत्रे फिरतात. ते धावून आले तर पळू नये, जागच्या जागी उभं राहून मेंढपाळाला हाक द्यावी. जवळच तेल गोमेल आहे. इ.स.पू. ३३१ मधल्या गौगामेलाच्या लढाईची जागा ती असावी असा एक मजबूत दावा आहे. अलेक्झांडर आणि इराणचा राजा दारियस याच जलसेतूच्या परिसरात भिडले असतील.

परतताना लालिश पाहता येतं, यझिदींचं मुख्य तीर्थक्षेत्र. पूर्ण आवारात अनवाणी, आणि उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओलांडायचा, हे दोन नियम कटाक्षाने पाळावेत. मुक्काम ऐन सिफ्नी किंवा दुहोक.

पाचवा दिवस: शलालात आणि निनवेचे तट

आज कुर्दिस्तानची हद्द ओलांडायची. नाक्यांवर तासभर सहज जातो, आणि दुहोकची टॅक्सी पलीकडे येईलच असं नाही. चालकाला आदल्या दिवशी विचारून, गरज पडली तर नाक्यावर गाडी बदलायची तयारी ठेवावी. पासपोर्ट आणि व्हिसाच्या तीन-चार छायाप्रती जवळ हव्यात. मोसुलच्या परिसरात युद्धानंतर मळलेली वाट सोडून रानात शिरू नये, जमिनीत जिवंत स्फोटकं असण्याचा धोका आहे. हा नियम इथे मोडायचा नाही.

शलालात हे खोस्र नदीवरचं मोसुलकरांचं सहलीचं ठिकाण, शहराच्या ईशान्येला. दगडी बंधाऱ्यावरून पाणी पडतं. शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे इथे पाय ठेवायला जागा नसते. हा बंधारा सन्हेरीबच्या व्यवस्थेतला मानला जातो. कालव्यांचं पाणी खोस्रमध्ये सोडायचं, आणि खोस्र निनवेच्या मधून वाहते. पण पावसाळ्यात हीच नदी शहरात घुसायची. त्यावर राजाने काढलेला तोडगा शिलालेखात आहे: वरच्या अंगाला मुद्दाम दलदल केली, वेत लावले, बगळे आणि रानडुकरं सोडली. पूर तिथे पसरून मंदावे. ते वेत पुढे राजवाड्याच्या बांधकामाला आले. जादा पाणी मुरवायला जागा मोकळी सोडावी, ही अक्कल आजच्या महापालिकांनाही सुचत नाही.

पाणी मुख्यतः बागांसाठी. नागरिकांना शहराबाहेर जमिनीचे तुकडे वाटून फळबागा करायला दिल्या. राजाच्या बागेत लोकर धरणारी झाडं होती, लोक ती लोकर काढून कापड विणत, असं तो लिहितो. हा कापूस, आणि त्याचं मूळ भारताकडचं असावं असं बहुतेकांचं मत आहे. बाबिलोनच्या झुलत्या बागा खरं तर निनवेतल्याच, हा अभ्यासक स्टेफनी डॅली यांचा दावा याच पुराव्यांवर उभा आहे. तो सर्वांना मान्य नाही. जरवान पाहून आलेल्याला मात्र तो वेडगळ वाटत नाही.

दुपारी तट. घेर बारा किलोमीटर, आत सुमारे साडेसातशे हेक्टर. खाली घडीव दगडांची भिंत, मागे कच्च्या विटांचा पंधरा मीटर जाडीचा तट. पूर्ण फेरी मारण्यात अर्थ नाही, मधून आधुनिक मोसुल वाढलं आहे. मश्की दरवाजा आधी पाहावा. तो २०१६ मध्ये पाडला गेला. २०२२ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना तिथे सन्हेरीबच्या काळातले कोरीव शिल्पपट निघाले, जमिनीखाली असल्यामुळे वाचलेले. मग आग्नेयेकडचा हल्झी दरवाजा. इ.स.पू. ६१२ मध्ये शहर पडलं तेव्हा मारल्या गेलेल्या माणसांचे सांगाडे तिथल्या वाटेत सापडले. आक्रमण करणारे इराणकडचे मीड आणि बाबिलोनचे होते, बाबिलोनला तो हिशेब चुकता करायचाच होता.

शहरातल्या राजरस्त्याबद्दलचा हुकूमही ध्यानात घ्यावा. दोन्ही बाजूंना शिळा उभ्या केल्या होत्या. ज्याचं नवं घर रस्त्याच्या हद्दीत येईल त्याला त्याच्याच घराच्या छपरावर सुळी दिलं जाईल. अतिक्रमणाचा याहून कडक कायदा सापडणं कठीण.

सहावा दिवस: कुयुंजिक आणि नबी युनुस

निनवेच्या तटांतल्या कुयुंजिक टेकडीच्या नैर्ऋत्येला सन्हेरीबचा ‘अतुलनीय राजवाडा’. इंग्रज उत्खननकार ऑस्टन हेन्री लेयार्डने १८४७ पासून तो खणला आणि हिशेब दिला: ७१ दालनं आणि वाटा, ९,८८० फूट कोरीव पट, पंख असलेल्या बैल-सिंहांची २७ दारं. इथले लाखीशच्या वेढ्याचे पट ब्रिटिश म्युझियममध्ये १०-ब दालनात आहेत. इथे जागेवर ठेवलेलं दरबाराचं दालन आधी चोरांनी आणि मग आयसिसने संपवलं. टेकडीवर जायला परवानगी लागते, ती मोसुलच्या पुरातत्त्व कार्यालयात आदल्या दिवशी मागावी.

तुकड्यांत बैलाचा पाय दिसला तर मोजावा. सार्गोनच्या बैलांना पाच पाय असत, समोरून उभा आणि बाजूने चालता दिसावा म्हणून. सन्हेरीबने पाचवा काढून टाकला. हे बैल बलातैच्या खाणीतून कसे ओढून आणले याचे पटही होते: लाकडी घसरपाट, पुढे दोर ओढणारी, मागे तरफ दाबणारी माणसं, गाड्यात बसून पाहणारा राजा. ओढणारे बहुतेक युद्धात पकडून आणलेले होते. इ.स.पू. ७०१ च्या यहूदावरच्या स्वारीत ४६ तटबंद गावं घेऊन २,००,१५० माणसं बाहेर काढल्याचा दावा तो करतो. ही संख्या फुगवलेली असणार. हिज्कीयाकडून घेतलेलं सोनं तीस तालांत (वजनाचं जुनं माप), हा आकडा मात्र बायबलमध्येही तोच आहे. चांदीत फरक आहे: सन्हेरीब आठशे सांगतो, बायबल तीनशे.

नबी युनुस या निनवेतल्या दुसऱ्या टेकडीवरची मशीद जुलै २०१४ मध्ये उडवली गेली. खाली बोगदे खणले गेले, आणि त्यांत एसरहद्दोनच्या राजवाड्याचे अवशेष उघडे पडले. एसरहद्दोन हा सन्हेरीबचा धाकटा मुलगा. त्याला वारस केल्याच्या रागाने एका मोठ्या भावाने, अर्दा-मुल्लिस्सूने, इ.स.पू. ६८१ मध्ये बापाचा खून केला. तो गादीवर बसू शकला नाही. एसरहद्दोनने ती घेतली, आणि त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक होतं बाबिलोन पुन्हा बांधणं. बोगद्यांत कुणी नेतो म्हणालं तरी शिरू नये, छत कच्चं आहे.

मोसुलहून एर्बिल ८५ किलोमीटर. खाझिरच्या नाक्यावर संध्याकाळी ट्रकांची रांग लागते, म्हणून दुपारी तीनच्या आत निघावं. विमान त्याच रात्रीचं असेल तर दीडच्या सुमारास.